बाप्तिस्म्यानंतरची पानं: ‘स्मृतिचित्रे’ संशोधकाने कशी वाचावी

आज प्रोटोकॉल नाही, सॉफ्टवेअर नाही, प्रवेश परीक्षेची तयारीही नाही. आज एका जुन्या मराठी पुस्तकाबद्दल लिहितेय. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ते नावाने तरी माहीत असेल. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ते पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी का वाचावं, हे सांगण्याआधी माझी एक फजिती सांगते.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत घरी गेले होते. आमच्या चर्चमध्ये तरुण संघाची सभा होती आणि कोणीतरी माझं नाव पुढे केलं, की ही पुण्यात संशोधन करते, हिने साक्ष द्यावी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं. तेव्हा मी एक प्रथिन शुद्ध स्वरूपात मिळवायचा प्रयत्न करत होते आणि चौदा महिने ते दर वेळी नळीच्या तळाशी पांढरा साका होऊन बसत होतं. पण उभी राहिले आणि बोलायला लागले, की सुरुवातीला खूप अडचणी होत्या, निराश झाले होते, प्रार्थना केली आणि मार्ग मोकळा झाला. लोकांनी ‘आमेन’ म्हटलं. मी खाली बसले.

घरी आल्यावर आई करंज्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, “अगं, तुझं ते प्रोटीन मिळालं कधी? मला तर परवा फोनवर रडून सांगत होतीस.”

पप्पा आधी खो खो हसले, मग माझा चेहरा बघून गप्प झाले.

जानेवारीत परत आले आणि प्रगती अहवालाच्या सेमिनारमध्ये अगदी तेच केलं. चौदा महिन्यांचं अपयश मी एका स्लाइडवर ‘ऑप्टिमायझेशन’ या एका शब्दात गुंडाळलं. तिथे कोणी ‘आमेन’ म्हटलं नाही एवढाच फरक. त्या रात्री माझ्या लक्षात आलं, की साक्ष आणि शोधनिबंध यांचा साचा एकच आहे. आधी अंधार, मग एक वळण, मग उजेड. आधी प्रश्न, मग पद्धत, मग रिझल्ट. मधला चिखल कोणी दाखवत नाही. दाखवायची सोयच त्या साच्यात नसते.

मराठीत या साच्याची परंपरा चांगली जुनी आहे. बाबा पदमनजींच्या आत्मचरित्राचं नाव बघा, ‘अरुणोदय’, 1884 सालचं. पहाट झाली, हे नावातच सांगून टाकलंय. पंडिता रमाबाईंच्या पुस्तकाचं नाव तर थेट ‘माझी साक्ष’. दोन्ही पुस्तकं मोलाची आहेत, आणि दोघांनीही सोसलेलं काही थोडं नाही. पण वाचताना आपल्याला कायम ठाऊक असतं की रस्ता कुठे जाणार आहे. पहिल्या पानापासून पाऊल त्याच दिशेला पडत असतं.

‘स्मृतिचित्रे’ तसं चालत नाही. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, माहेर गोखल्यांचं, लग्न कवी नारायण वामन टिळकांशी. टिळक 1895 मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. बायकोला हे नंतर कळलं. मग जवळपास पाच वर्षांची ताटातूट, पोरगं पदरात, नातेवाइकांच्या आधाराने दिवस. शेवटी त्या नवऱ्याकडे गेल्या ते स्वतःचं सोवळं सांभाळूनच. वेगळी चूल, वेगळं पाणी. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच घोळवला, स्वतःच सोडवला आणि मग 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. आता साक्षीचा साचा असता तर पुस्तक इथे संपलं असतं. फार तर एक शेवटचं प्रकरण आलं असतं, ‘आता मी सुखी आहे’ छापाचं.

पण पुस्तक चालूच राहतं. आणि माझं म्हणणं आहे की या पुस्तकाची खरी किंमत या पुढच्या पानांत आहे.

कारण बाप्तिस्म्यानंतर टिळकांच्या घरात काहीही ‘ठीक’ होत नाही. टिळक तसेच तापट, तसेच विसराळू, तसेच उधळे. हातात आलेला पैसा घरापर्यंत पोहोचेल याची खात्री आधी नव्हती, नंतरही नाही. दारात आलेला माणूस घरात राहायला लागतो. कोणाची तरी मुलं आपली होऊन जातात. बालकवी ठोंबरेही काही काळ या घरात होते. लक्ष्मीबाईही पूर्वीइतक्याच हट्टी आणि जिभेने तितक्याच तिखट राहतात. फरक इतकाच की आता भांडण झालं तर दोघं एकाच देवाची प्रार्थना करून भांडतात. श्रद्धा पक्की आहे, त्याबद्दल लक्ष्मीबाईंना शंका नाही. पण श्रद्धा पक्की झाल्याने नवऱ्याला वाण्याचा हिशेब कळायला लागत नाही, हेही त्या लपवत नाहीत. तुमच्या भाषेत सांगायचं तर एक मोठा बदल केला आणि बाकीचे सगळे घटक जागच्या जागी राहिले. हा निकाल त्या जसाच्या तसा नोंदवतात.

मी टिळकांना लहानपणापासून ओळखत होते ते ‘उपासना संगीत’मधलं नाव म्हणून. दर रविवारी त्यांची भजनं म्हणायची. गाण्यातला माणूस शांत, समर्पित, सगळं देवाच्या पायाशी वाहिलेला. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना घेऊन निघाले, हे आम्हाला संडे स्कूलमध्ये त्यागाचं उदाहरण म्हणून सांगितलं जायचं. ते त्याग होतंच. पण पगार सोडला म्हणजे महिन्याच्या एक तारखेला त्या घरात काय झालं असेल, हा प्रश्न संडे स्कूलमध्ये मला कधी सुचला नव्हता. स्मृतिचित्रे वाचल्यावर तो सुचायचा राहत नाही.

इथे विनोदाकडे येते. पुस्तकाबद्दल कोणीही लिहिलं की ‘मिस्कील’, ‘निर्मळ विनोद’ हे शब्द येतातच. निर्मळ वगैरे मला पटत नाही. लक्ष्मीबाई हसवतात तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी दुखलेलं असतं. ज्या काळात बायकोने नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घ्यायचं, त्या काळात वाढलेली ही बाई पुस्तकभर नवऱ्याला ‘टिळक’ म्हणते. ‘हे’ नाही, ‘आमच्या घरचे’ नाही. टिळक असं म्हणाले, टिळक निघून गेले. त्या एका शब्दाने त्यांना नवऱ्यापासून दोन हात अंतर मिळतं आणि तिथून तो माणूस पूर्ण दिसतो, मोठेपणासकट आणि वेंधळेपणासकट. 1934 ते 36 या काळात हे चार भाग निघाले तेव्हा टिळकांना जाऊन पंधरा-सतरा वर्षं झाली होती आणि ख्रिस्ती समाजात ते संतपदाला पोहोचले होते. संताबद्दल तक्रार करता येत नाही. विनोद करता येतो.

म्हणून वाचताना एक करून बघा. जिथे हसू येईल तिथे समासात खूण करा आणि शेजारी लिहा, या विनोदाचं बिल कोण भरतंय. टिळक कोणाला काही सांगितल्याशिवाय घरातून निघून जातात, तो प्रसंग ऐकायला मजेशीर. बिल लक्ष्मीबाईंकडे. घरखर्चाचे पैसे भलतीकडेच जातात, बिल पुन्हा त्यांच्याकडेच. पण हेही लिहा की कधी कधी बिल टिळकांकडे जातं आणि बाई साळसूदपणे नामानिराळ्या राहतात. माझ्या प्रतीत अशा खुणा इतक्या झाल्या की पुस्तक कोणाला द्यायची लाज वाटते.

एका ठिकाणी मात्र मला ते बिल लिहिताना थांबावं लागलं. पुस्तकाच्या सुरुवातीला लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं येतं. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, मीठसुद्धा. मीठ धुतल्यावर काय उरणार, हे सांगायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. मी मोठ्याने हसले. (आम्ही लॅबमध्ये प्रथिन शुद्ध करताना स्तंभ इतका धुतो की कधी कधी धुण्यातच सगळं माल जातं. माझी लॅबमेट तेव्हापासून त्या पायरीला ‘नानांचं मीठ’ म्हणते.) मग समासात बिल लिहायला गेले आणि हात थबकला. ते मीठ धुतलं जात होतं ते कोणाचा तरी स्पर्श धुऊन काढायला. माझे पणजोबा नगर जिल्ह्यातले, त्याच काळात मिशनच्या शाळेत गेलेले, आणि गावात ज्यांच्या स्पर्शाने वस्तू बाटायच्या त्यांतले. म्हणजे या विनोदाचं बिल आमच्या घराच्या पत्त्यावर आलं होतं.

ही पुस्तकाची मर्यादा आहे असं मला वाटतं आणि ती सरळ सांगायला हवी. लक्ष्मीबाईंचा झगडा खरा आहे, पण तो सोवळं सोडण्याचा झगडा आहे. महाराष्ट्रात ख्रिस्ती झालेल्या बहुसंख्य घरांकडे सोडायला सोवळं नव्हतंच. त्यांच्या झगड्याची अशी जाडजूड, हसरी, चार भागांची नोंद आपल्याकडे नाही. मिशनच्या अहवालांत ती माणसं संख्या म्हणून येतात. तेव्हा ‘स्मृतिचित्रे’ला ‘मराठी ख्रिस्ती जीवनाचं चित्र’ म्हणून कोणी प्रबंधात उद्धृत केलं तर तुम्ही विचारलं पाहिजे, कोणाच्या जीवनाचं? एका नमुन्यावरून सगळ्या लोकसंख्येबद्दल बोलायचं नाही, हे आपण संख्याशास्त्राच्या पहिल्या तासाला शिकतो आणि साहित्य वाचताना विसरतो.

तरी लक्ष्मीबाईंच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. वडिलांचं सोवळं त्या हसण्यावारी नेऊ शकतात, कारण पुढे त्यांनी स्वतः ते मोडलंय. आणि ते मोडताना आपल्याला किती जड गेलं, आपण किती दिवस वेगळी चूल धरून बसलो, हेही त्यांनी लिहिलंय. स्वतःला आधीपासून उदार दाखवायची संधी होती. साठी ओलांडलेल्या बाईला कोण तपासायला येणार होतं? त्यांनी ती घेतली नाही. हा माझ्या दृष्टीने पुस्तकातला सर्वांत भक्कम पुरावा आहे. जिथे लेखकाला खोटं बोलून फायदा होता आणि तो बोलला नाही, तिथला मजकूर जास्त विश्वासाचा. इतिहासवाले हे नेहमी करतात, आपणही शिकायला हरकत नाही.

बाकी आठवणींवर किती विसंबायचं, ते थोडक्यात. साठ वर्षांपूर्वीचं लहानपण आठवून लिहिलंय, रोजनिशी समोर ठेवून नाही. मुलगा देवदत्त याला टिळकांच्या चरित्रासाठी माहिती हवी होती, त्यातून हे लेखन सुरू झालं. लेखिकेचं शाळेतलं शिक्षण नाही, लिहा-वाचायला टिळकांनीच शिकवलं. साल-तारखांसाठी या पुस्तकावर भिस्त ठेवू नका. नातवाने, अशोक देवदत्त टिळकांनी, संपादित केलेली टिपांसहित आवृत्ती आहे, ती घ्या. साहित्य अकादमीची संक्षिप्त आवृत्ती वाचायला सोपी आहे, पण संशोधनासाठी संक्षिप्त काही वापरायचं नाही. काय गाळलं हे कळत नाही आणि आपला मुद्दा नेमका गाळलेल्या भागात असतो.

माझ्या प्रथिनाचं विचारणाऱ्यांसाठी: मिळालं. एकोणिसाव्या महिन्यात, आणि तेही बफरमध्ये ग्लिसरॉल वाढवल्यामुळे, ज्याची सूचना एका एम.एस्सी.च्या मुलाने चहा पिता पिता केली होती. पुढच्या सेमिनारला मी फसलेल्या प्रयोगांचा तक्ता लावला. एका परीक्षकाने तो वेळेचा अपव्यय आहे असं सांगितलं. दुसऱ्याने जेवणाच्या सुट्टीत येऊन त्याची प्रत मागितली.

खुणा केलेली माझी प्रत सध्या नगरला आहे. लाजतच आईला दिली. रात्री जेवणानंतर ती मोठ्याने वाचते, पप्पा ऐकतात. परवा फोन केला तर मागे पप्पांचं हसू ऐकू येत होतं. कुठलं पान म्हणून विचारलं. टिळकांनी पैसे वाटून टाकले तिथलं.

“आणि तू हसलीस का?” मी आईला विचारलं.

“हसण्यासारखं काय आहे त्यात,” आई म्हणाली. “तुझ्या पप्पांना विचार, परवा गॅसचे पैसे कुठे गेले ते.”