विचारायचं कुणाला? : कुडलच्या लेखाच्या निमित्ताने

सोलापुरात मराठीच्या जुनेपणावर बोलायचं म्हटलं की हत्तरसंग कुडलचं नाव निघतंच. भीमा-सीनेच्या संगमावरचं संगमेश्वराचं मंदिर आणि तिथला शके ९४०चा, म्हणजे इ. स. १०१८चा लेख. वाचणारा विजयी होईल, अशा आशयाची मराठी ओळ त्यात आहे. हा लेख उजेडात आणला आपल्या सोलापूरच्या आनंद कुंभारांनी.

पुढे चर्चा कशावर झाली? पहिला कोण, यावर. श्रवणबेळगोळ, आक्षी की कुडल? ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यावर तर या प्रश्नाला आणखी जोर चढला. आमचा आक्षेप या प्रश्नावरच आहे. 'सर्वांत जुना कोणता?' असं विचारलं की आपल्याला फक्त निकाल देणारा पंच लागतो. पण कल्याणीच्या चालुक्यांच्या मुलखात, जिथे दानलेख बहुतेक कन्नडात कोरले जात, तिथे ही मराठी ओळ काय करते, असं विचारून बघा. मग कन्नडच्या अभ्यासकाकडे गेल्याशिवाय गत्यंतर नाही.

कुंभार तसे गेले. सोलापूर जिल्ह्यातल्या कोरीव लेखांचा त्यांचा इंग्रजी नावाचा संग्रह धारवाडहून १९८८मध्ये निघाला, तो कन्नडचे जाणकार श्रीनिवास रित्ती यांच्यासोबत. मुखपृष्ठावर नावं दोघांची. हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. एरवी आपल्याकडे वाचन लावून देणारा माणूस प्रस्तावनेच्या शेवटी, ऋणनिर्देशाच्या एका ओळीत संपतो. दगड शोधणाऱ्याचं काम आणि अक्षर लावणाऱ्याचं काम इथे एका मोलाचं ठरलं.

आता विचारायचं कसं? 'या शब्दाचं मूळ सांगा' एवढंच विचारलं, तर समोरचा आपल्या भाषेतला कानाला जवळचा शब्द काढून देतो. आपण खूश, आणि व्युत्पत्ती तयार! नुसत्या ध्वनिसाम्यावर उभी असलेली अशी घरं आपल्याकडे कमी नाहीत. शब्द कुठल्या लेखात, कोणत्या साली, कोणत्या वाक्यात आला, ठसा कसा आहे, आपण काय वाचलं आणि कुठे अडलो, हे सगळं पुढे ठेवलं तरच दुसरा अभ्यासक आपल्याला 'नाही' म्हणू शकतो. आणि खरी मदत त्या 'नाही'त असते.

एक साधा प्रश्न घ्या. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. ऐकणारा एकात बाहेर, दुसऱ्यात आत. हिंदीच्या 'हम'मध्ये हा भेद नाही. तेलुगूत आहे : 'मेमु' आणि 'मनमु'. आजच्या कन्नडात मात्र दोन्हीला 'नावु'. अनेक भाषाशास्त्रज्ञ मराठीतला हा भेद द्राविडी संपर्कातून आला असं मानतात. मग शेजारच्या कन्नडाचं काय? जुन्या कन्नडात काय होतं? हे एकट्या मराठीवाल्याने सोडवायचं कोडं नाही.

आणि सोलापूरला त्यासाठी लांब जायला नको. पूर्व भागात पद्मशाली घरांतली तेलुगू आहे, अक्कलकोटकडे कन्नड आहे. मराठी, कन्नड, तेलुगू, तीन अभिजात भाषा एका शहरात नांदतात. तरी मराठीचा अभ्यासक अडला की आधी संस्कृत कोश उघडतो. तो उघडावाच. पण शेजारच्या विभागाचं दारही ठोठवावं, आणि उत्तर मिळालं की त्याचं नाव आपल्या नावाशेजारी लिहावं. तेव्हाच अभ्यासातलं 'आम्ही' जाऊन 'आपण' येईल.