गिरणगावची कला : कुणाची आणि कुणासाठी?

'लोकांची कला' हा शब्दप्रयोग आम्हां विद्यार्थ्यांच्या तोंडी आता चांगलाच रुळला आहे. एखाद्या वस्तीत जावे, तिथल्या माणसांशी बोलावे आणि त्यांच्या जगण्यातून नाटुकले, भिंतीवरचे चित्र किंवा माहितीपट उभा करावा, असे उपक्रम महाविद्यालयांतून हौसेने हाती घेतले जातात. त्यांमागचा हेतू चांगला असतो, याविषयी आम्हांला शंका नाही. परंतु कादंबरीची पारख जशी लेखकाच्या सद्हेतूवरून करता येत नाही, तशी ह्या कलाव्यवहाराचीही करता येणार नाही. त्यासाठी काही कसोटी हवी. ती आम्ही मुंबईच्या गिरणगावात शोधू पाहत आहोत. कारण वस्तीतून कला कशी उगवते आणि वस्ती पालटली की त्या कलेचे काय होते, ह्या दोन्ही गोष्टी तिथे पाहावयास मिळतात.

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ साली झाली. पुढे परळ, लालबाग, वरळी, शिवडी, भायखळा ह्या भागांत गिरण्यांची दाटी झाली आणि कोकणातून व घाटावरून आलेल्या माणसांनी तिथल्या चाळी भरून गेल्या. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या ह्या माणसांनी आपली भजने, आपली नमने, आपला तमाशा बरोबर आणला. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड रंगत. १९२२ साली उभे राहिलेले परळचे दामोदर नाट्यगृह कामगारांच्या हौशी नाटकमंडळ्यांचे हक्काचे ठिकाण झाले. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्यांनी लाल बावटा कलापथक काढले आणि शाहिरी कामगारांच्या सभांतून घुमू लागली. एका गिरणी कामगाराने उचलून वाढविलेले अनाथ मूल पुढे नारायण सुर्वे ह्या नावाने मराठी कवितेत मानाने उभे राहिले.

ह्या साऱ्या कलेचे एक लक्षण आमच्या मते फार महत्त्वाचे आहे. तिचा प्रेक्षक तिचा जाणकारही होता. शाहिराने गिरणीतील उकाड्याचे वर्णन केले, तर समोर बसलेला माणूस तो उकाडा सोसून आलेला असे. नटाने खोटी हालचाल केली, तर पहिल्या रांगेतून शेरा येई. 'हे असे नसते' असे म्हणण्याचा अधिकार त्या प्रेक्षकाला होता, आणि तो बजावायला तो दुसऱ्या दिवशी त्याच चाळीत हजरही असे. हा अधिकार म्हणजेच वस्तीच्या कलेचा कणा होय.

गिरणगाव हे काही समतेचे बेट नव्हते, हेही येथे सांगितले पाहिजे. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, ह्या सबबीवर दलित कामगारांना अधिक मजुरीच्या मागखात्यात प्रवेश नाकारला जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. तेव्हा 'वस्ती' म्हटली की ती एकजीव असते, असे धरून चालणे भाबडेपणाचे होईल. वस्तीच्या पोटातही कुणाचा आवाज चढा असतो, कुणाचा दबलेला असतो. म्हणून 'हे असे नसते' असे म्हणणाऱ्यांत सर्वांत खालच्या पायरीवरचा माणूस आहे की नाही, हेही पाहावे लागते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे कल्पिले होते : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास ह्यांनी १९६४ साली लंडनच्या कामगारवस्त्यांविषयी लिहिताना ज्या प्रक्रियेला 'जेंट्रिफिकेशन' असे नाव दिले, तीच ही प्रक्रिया. सुस्थित वर्ग वस्तीत येतो, जागेच्या किमती चढतात, मूळचा रहिवासी बाहेर पडतो. आपण तिला उच्चभ्रूकरण म्हणू. लंडनमध्ये ती घराघरांतून पसरत गेली. गिरणगावात मात्र ती जमिनीच्या नियमांतून आली, एवढा फरक.

आज फिनिक्स मिलच्या आवारात मोठा मॉल आहे आणि गिरणीची चिमणी तेवढी राखून ठेवली आहे. इतरत्र जुन्या गिरण्यांच्या आवारांत कचेऱ्या, उपाहारगृहे, स्टुडिओ आणि कलादालने आली. उंच छत, उघडी वीट, गंजलेले लोखंड ह्यांना आता 'सौंदर्यमूल्य' प्राप्त झाले आहे. तिथे गिरणगावच्या स्मृतींवर आधारलेले छायाचित्रांचे प्रदर्शनही भरू शकते. ते मन लावून केलेले असेल. पण पाहणाऱ्यांत 'हे असे नसते' असे म्हणू शकणारा कुणी असेल काय? गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत २०१२ साली निघाली, तेव्हा घरे होती ६,९२५, आणि अर्ज लाखाच्या कितीतरी वर. ज्यांना घर मिळाले नाही, त्यांतील कित्येक जण गावी परतले किंवा उपनगरांच्या टोकाला गेले. उच्चभ्रूकरणाने कलेचा विषय नाहीसा होत नाही; तो उलट अधिक आकर्षक होतो. नाहीसा होतो तो चूक दाखविणारा माणूस.

येथे आम्हां विद्यार्थ्यांच्या अनुकूलतेचा प्रश्न उभा राहतो. अनुकूलता म्हणजे केवळ पैसा नव्हे. आपल्याला कुणी खोडून काढणार नाही अशा जागी उभे राहून बोलता येणे, ही खरी अनुकूलता. जे दुसऱ्याने गमावले, ते आपल्याला विषय म्हणून मिळते. प्रकल्पाची मुदत संपली की आपण आपल्या घरी येतो. ज्याच्यावर प्रकल्प केला, त्याच्या भाडेकराराची मुदत संपली की तो कुठे जातो, हे आपल्या अहवालात येत नाही.

चाळसंस्कृतीविषयीचा हळवेपणा हे ह्याच अनुकूलतेचे एक गोंडस रूप आहे. शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची, आणि शौचालय मजल्यावर सामाईक. तिथल्या गृहिणीला नव्या इमारतीत ५०० चौरस फुटांचे घर हवे असते, आणि ते हवे असण्यात काहीही गैर नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या काही कुटुंबांना अशा घरांच्या चाव्या मिळाल्या. चाळ पडते म्हणून आपण उसासे टाकावेत आणि तिने मात्र आयुष्यभर सामाईक नळावर रांग लावावी, ही रसिकता नव्हे. बदल नको, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. बदलानंतरही तो माणूस तिथेच असतो की नाही, एवढेच आम्ही विचारतो.

ह्या कसोटीला जे पूर्णपणे उतरले, असे एक नाटक आमच्यासमोर आहे : जयंत पवार ह्यांचे 'अधांतर'. ते १९९७ साली रंगभूमीवर आले. गिरणगावातली एक खोली, संपाने उखडलेले एक घर, त्यातली आई आणि बेकार मुले. पवारांनी ह्या घराला कुठेही देव्हाऱ्यात बसविलेले नाही. एक मुलगा गुन्हेगारीकडे ओढला जातो, एक लेखक होऊ पाहतो. आणि ह्या होऊ घातलेल्या लेखकालाही नाटककार सवलत देत नाही. आईच्या कष्टांवर चालणाऱ्या घरात साहित्याच्या गोष्टी करणे हीसुद्धा एक चैन आहे, हे प्रेक्षकाला बोचत राहते. आमच्या मते ह्या नाटकाचे बळ येथेच आहे. लिहिणाऱ्याची अनुकूलता ही केवळ मॉल आणि चाळ यांच्यामधली दरी नसून ती एका खोलीतही असते, हे त्याने ओळखले. आणि नाटक आले तेव्हा त्या खोल्यांतली माणसे अजून आसपास होती. खोटे लिहिले असते, तर ते पकडले गेले असते. ह्याच लेखकाच्या कथासंग्रहाचे नाव 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' असे आहे. त्याला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. २०२१ साली पवार गेले.

दामोदर नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाले, तेव्हा रंगकर्मींनी आवाज उठविला. तो आवाज योग्यच होता. परंतु नाट्यगृह पुन्हा उभे राहिले तरी तिकिटाचा दर काय असेल, हौशी मंडळींना तारीख परवडेल काय, आणि शेवटच्या गाडीने दूरच्या उपनगरात परतणारा प्रेक्षक तिथवर येईल काय, हे प्रश्न वास्तूच्या प्रश्नाहून लहान नाहीत. कलेची समीक्षा करणाऱ्यांनी ते व्यवहारी म्हणून बाजूला सारू नयेत. कलेचा खरेपणा त्यांच्यावरच अवलंबून आहे.

तेव्हा वस्तीत जाऊ नये, असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. जावे; पण आपली संहिता आधी वस्तीत वाचून दाखवावी. तिथे जे खोडले जाईल ते खोडू द्यावे. पहिला प्रयोग कलादालनात नव्हे, तर ज्यांची कथा आहे त्यांच्या अंगणात करावा. आणि ती माणसे विखुरली असतील, तर ती जिथे गेली तिथवर आपण जावे. प्रवासखर्च आपला, वेळ त्यांच्या सोयीची. एवढे केल्याने चांगले नाटक होईलच असे नाही. त्यासाठी प्रतिभाच लागते. परंतु 'हे असे नसते' हे वाक्य ऐकून घेण्याची तयारी नसलेल्या हातून लोकांची कला घडणे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.