पेमा त्सेदेन यांचें स्मरण
तिबेटी चित्रपट-दिग्दर्शक पेमा त्सेदेन ता. ८ मे २०२३ रोजीं, वयाच्या ५३ व्या वर्षीं, निवर्तले. त्यांचे चित्रपट एकत्र बसून पाहणें हेंच त्यांचें खरें स्मरण होय, असें आम्हांस वाटतें. ‘द सायलेंट होली स्टोन्स’ (२००५) मध्यें नववर्षाच्या सणासाठीं घरीं आलेला बालभिक्षु दूरचित्रवाणीवरील कथेंत इतका रंगतो, कीं तो संचच मठांत नेऊन आपल्या गुरूंना दाखवितो. दिग्दर्शक येथें ना मठाची कींव करतो, ना यंत्राला दोष देतो. मुलाची ओढाताण तेवढी शांतपणें न्याहाळतो. ‘थार्लो’ (२०१५) मधील मेंढपाळाला माओंचें भाषण तोंडपाठ आहे. परंतु ओळखपत्र काढण्याच्या खटाटोपांत तो स्वतःची ओळखच गमावून बसतो. त्याच्यासाठीं डोळे पुसणें सोपें. त्याच्या भोळेपणाचा आणि मोहाचाही हिशेब मांडणें अवघड. म्हणून स्मरणार्थ जमलेल्या मंडळींनीं खेळ संपतांच हात जोडून उठूं नये. थांबावें, वाद घालावा. ज्यानें आपल्या माणसांस देव्हाऱ्यांत बसविलें नाहीं, त्यालाच तेथें बसविणें हा त्याचा सन्मान नव्हे.