शजऱ्याबाहेरचे घराणे

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून 'आम्ही इथलेच' हे आपण भाषणांतून, कवितांतून सांगत आलो. पण घराण्याचा इतिहास लिहायला बसलो की आपली लेखणी इथे रमत नाही. माझ्या वाचनातली बहुतेक आत्मकथने आजोबांपाशी थांबतात. त्यामागे जायचे झाले तर लेखक शजरा काढतो. कोणी बुजुर्ग अरबस्तानातून किंवा बुखाऱ्याहून आले आणि खाली मुलग्यांची ओळ.

सूफी आणि सय्यद घराण्यांच्या शजऱ्यांचे महत्त्व मी नाकारत नाही. पण मुलाणी, अत्तार, तांबोळी, शिकलगार, पिंजारी या घरांनीही तोच साचा उचलावा, हे मला खटकते. या आडनावांतच धंदा आहे, गावकी आहे. त्रिं. ना. आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा'त मुलाणा बलुतेदारांत येतो. खळ्यावर ज्याच्या पूर्वजाचा वाटा होता, त्याने आपले मूळ बुखाऱ्यात का शोधावे?

आमच्या घरी कागदांची एक पेटी होती. चुलत्यांनी त्यातले फारसी कागद कुराणाची पाने समजून अदबीने नदीत थंडे केले. मोडी कागद रद्दीत गेले. पेटीच्या तळाशी एक कागद उरला. मोडी वाचणाऱ्याला दाखवला, तर त्यात गावच्या मशिदीच्या दिवाबत्तीसाठी दिलेल्या इनाम जमिनीचा उल्लेख निघाला. बाकीचे कागद बेपर्वाईने नव्हे, आदराने गेले, हे अधिक लागते.

आज कागद शोधले जातात ते गरजेने. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. मुलगा आजोबांचा शाळेचा दाखला काढतो, तर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान'. अत्तार, पिंजारी ही ओळख आपणच पुसली, तिची किंमत नातवाने मोजायची. २०१९ साली नागरिकत्वाचा कायदा दुरुस्त झाला, तेव्हा भीतीपोटी पेट्या उघडल्या. पण भीतीने शोधलेला कागद भीती ओसरली की पुन्हा पेटीत जातो. त्याचे लेखन होत नाही.

शजऱ्याचा दुसरा दोष म्हणजे त्यात आई नाही. काझींच्या निकाहाच्या नोंदवहीत मात्र वधूचे नाव आहे, तिच्या वडिलांचे नाव आहे, मेहर आहे. जात्यावर मराठी ओव्या म्हणणाऱ्या आपल्या आज्या-नान्यांनी कोणत्या गावाहून काय आणले, हे त्या ओव्यांतच सापडेल. आपल्या समीक्षेने या साधनांना साहित्याच्या बाहेर ठेवले. या ओव्या आणि नोंदवह्या आपण वाचायला घेतल्या असत्या, तर आत्मकथने आजोबांपाशी अडली नसती.

लेखकांनी मोडी शिकावी, निदान मोडी जाणणाऱ्याला गाठावे. घरातल्या सर्वांत वयस्क बाईपाशी बसून तिचे बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे. आणि कोणताही जुना कागद थंडा करण्यापूर्वी तो एकदा वाचून घ्यावा. त्यावर कदाचित आपल्याच घराचा पत्ता असेल.