समर्थक मोजण्याआधी फॉर्म बघा

प्रचाराची सॉफ्टवेअर हा तुमचा संशोधनविषय असेल, तर नेशनबिल्डर नीट बघाच. २००९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या या कंपनीने वेबसाइट आणि समर्थकांची यादी एकत्र जोडली. कुणी याचिकेवर सही केली किंवा देणगी दिली, की त्याच्या नावापुढे नोंद आपोआप पडते. सोय मोठीच आहे.

पण गोम इथेच आहे. समर्थक कोण, हे आता फॉर्म ठरवतो. जो बटण दाबतो तो ‘सक्रिय’. जी बाई गाजावाजा न करता शेजाऱ्यांची मतं वळवते, तिची नोंदच नाही. शिवाय पाठिंब्याला १ ते ५ आकडे. कार्यकर्त्याने दारात उभ्या उभ्या केलेला अंदाज पुढे तुमच्या तक्त्यात तथ्य होऊन बसतो!

एटन हर्श यांचं ‘हॅकिंग द इलेक्टोरेट’ (२०१५) यासाठी वाचा. अमेरिकेत काही राज्यांच्या मतदारनोंदणीत पक्ष लिहिलेला असतो, काहींत नसतो. त्यामुळे प्रचारकांना ‘दिसणारा’ मतदार राज्यागणिक बदलतो, हा त्यांचा मुद्दा पक्का आहे. मात्र त्यांचा भर सरकारी नोंदींवर आहे. वेबसाइटच्या फॉर्ममधून घडणारा समर्थक तपासणं आपल्यावर उरतं.

म्हणून डेटा हाती आला, की लगेच आलेख काढू नका. आधी मूळ फॉर्म मागा. कुठला रकाना सक्तीचा होता? नोंद कुणी भरली? नाहीतर प्रबंध मतदारांवर लिहिला असं तुम्हाला वाटेल, आणि प्रत्यक्षात तो सॉफ्टवेअरवर असेल.