विवेकाची शाळा

आपल्या सुशिक्षित घरांतून वादाचा शेवट पुष्कळदा एकाच वाक्यानें होतो: ‘माझ्या मनाला तें पटत नाहीं.’ हें वाक्य उच्चारलें कीं वडील मंडळी गप्प बसतात, आणि बोलणारास आपण कांहीं तत्त्व राखलें असें समाधान वाटतें. वर्गांत पंचवीस-तीस वर्षें मीं तें ऐकत आलों आहें. प्रामाणिकपणें सांगावयाचें तर अडचणीच्या प्रसंगीं मीं स्वतःही त्याचा आश्रय केला आहे. पण ज्या मनाला पटावयाचें त्या मनाची तयारी कोणीं व केव्हां केली, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. ज्यांत तो नीट विचारला आहे अशा एका इंग्रजी निबंधाचा येथें परामर्श घ्यावयाचा आहे.

हा निबंध जॉन हेन्री न्यूमन यांचा. १८४५ सालीं न्यूमन अँग्लिकन पंथ सोडून रोमन कॅथलिक झाले. १८७० सालीं व्हॅटिकन परिषदेनें पोपच्या प्रमादातीततेचा सिद्धांत जाहीर केला; त्यावर १८७४ मध्यें ग्लॅडस्टन यांनीं पुस्तिका लिहून असा आक्षेप घेतला कीं, ज्यानें आपली बुद्धि रोमच्या स्वाधीन केली तो इंग्लंडच्या राज्याशीं एकनिष्ठ कसा राहील? पुढील वर्षाच्या आरंभीं न्यूमन यांनीं ड्यूक ऑफ नॉर्फोक यांस उद्देशून लिहिलेलें दीर्घ पत्र प्रसिद्ध करून त्यास उत्तर दिलें. सदसद्विवेकबुद्धीवरील प्रकरण हें त्या पत्राचें हृदय होय.

सामान्य वादपटूनें अशा वेळीं पोपचा अधिकार जरा लहान करून दाखविला असता. न्यूमन यांनीं तसें न करितां तो अधिकार विवेकावरच उभा केला. मनुष्याच्या अंतःकरणांत ईश्वरी नियमाचा जो ध्वनि उमटतो तो क्षीण असतो, शिक्षणानें व स्वार्थानें विकृत होतो. तो स्पष्ट ऐकूं यावा यासाठींच चर्च आहे. तेव्हां विवेकाला खोटा ठरविणारा पोप स्वतःच्याच पायाखालची जमीन खणील. शिवाय पोपची प्रमादातीतता सामान्य सिद्धांतांपुरती. ‘आज, येथें, मीं काय करावें’ हें सांगणें विवेकाचें काम. भोजनोत्तर शुभचिंतनाचा प्याला घ्यावयाचाच झाला तर आधीं विवेकाचा मान आणि मग पोपचा, असा चिमटा घेऊन त्यांनीं प्रकरण संपविलें आहे.

हा चिमटा जगभर गाजला, आणि त्यानेंच निबंधाचें नुकसान झालें. त्याआधींचीं पानें वाचण्याचे श्रम फार थोड्यांनीं घेतले. त्या पानांत न्यूमन यांनीं आपल्या युगावर कठोर टीका केली आहे. विवेकाचा हक्क म्हणून लोक जें मागतात तो पुष्कळदा स्वतःच्या लहरीचा हक्क असतो, असा तिचा रोख. पोपच्या आज्ञेविरुद्ध जाऊं पाहणारावर त्यांनीं मोठा भार टाकला आहे: त्यानें प्रार्थना करावी, विचार करावा, योग्य निर्णयाचीं सारीं साधनें वापरावीं, आणि आपली बाजू सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर आहे हें विसरूं नये. तेराव्या शतकांत थॉमस अक्वायनस यांनीं हेंच तत्त्व निराळ्या रीतीनें मांडलें होतें. चुकलेला विवेकही मनुष्यास बांधतो, त्याविरुद्ध वागणें पापच. पण ती चूक टाळतां येण्याजोगी असेल तर केवळ ‘मला तसें वाटलें’ म्हणून कोणी दोषमुक्त होत नाहीं. म्हणजे विवेकाप्रमाणें वागण्याइतकेंच त्याला शिकविणेंही कर्तव्य ठरतें.

मराठी वाचकास येथें लोकमान्य टिळकांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाहीं. १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्यां’त आधिदैवत पक्षाचा विचार करितांना त्यांनीं सदसद्विवेक ही स्वतंत्र देवता मानण्यास नकार दिला आहे. निर्णय करणारी बुद्धि एकच. तीच शुद्ध व स्थिर केली पाहिजे, हें त्यांचें म्हणणें. न्यूमन ज्या ध्वनींत ईश्वर ऐकतात तेथील देवता टिळक काढून घेतात. तथापि अशिक्षित मनाचा कौल विश्वसनीय नाहीं, या ठिकाणीं दोघांचीही वाट येऊन मिळते.

असें असलें तरी न्यूमन यांच्या निबंधांत एक उणीव राहतेच. तो एका ऑक्सफर्डच्या पंडितानें एका ड्यूकला लिहिलेला आहे. ग्रंथ, फुरसत व जाणते सल्लागार जवळ आहेत असें तो गृहीत धरतो. परंतु ज्याच्यापाशीं यांपैकीं कांहीं नाहीं, आणि ज्याचा गुरुच ऐन वेळीं चुकीचें सांगतो, त्यानें काय करावें? हें पत्र प्रसिद्ध होऊन सत्तर वर्षें होण्यापूर्वींच ऑस्ट्रियांतील एका शेतकऱ्यापुढें हा प्रश्न उभा राहिला.

फ्रान्झ येगरश्टेटर यांचा जन्म १९०७ चा, गांव सांक्ट राडेगुंड. तारुण्यांत ते कांहीं साधु नव्हते. विवाहापूर्वींच ते एका मुलीचे पिता झाले होते. १९३६ मध्यें फ्रान्झिस्का यांच्याशीं विवाह झाल्यावर नित्य प्रार्थना, बायबल व संतचरित्रें यांचें वाचन त्या घरांत सुरू झालें. १९३८ सालीं ऑस्ट्रिया जर्मनीस जोडण्याविषयीं मतदान झालें, तेव्हां गांवांत विरुद्ध मत देणारे ते एकटेच होते. पुढें हिटलरच्या युद्धांत लढणें अधर्म आहे असा त्यांचा निश्चय होऊं लागला. त्यांनीं धर्मगुरूंना विचारलें; लिंझच्या बिशपांनाही विचारलें. बायको-मुलींकडे पाहा, युद्धाच्या न्यायान्यायाचा भार तुझ्यावर नाहीं, असा एकंदर उपदेश मिळाला. मार्च १९४३ मध्यें त्यांनीं शस्त्र घेण्यास नकार दिला, शुश्रूषापथकांत काम करण्याची तयारी मात्र दाखविली. ९ ऑगस्ट १९४३ रोजीं ब्रांडेनबुर्ग येथें त्यांचा शिरच्छेद झाला.

त्यांचीं पत्रें व टिपणें आतां इंग्रजींत उपलब्ध आहेत. वाङ्मय म्हणून पाहिलें तर त्यांत पुनरुक्ति आहे, साधी गांवठी शिकवण आहे, अलंकार मुळींच नाहीं. पण न्यूमन यांनीं घातलेल्या अटी येथें एकेक करून पुऱ्या झालेल्या दिसतात. हा मनुष्य विचारतो, थांबतो, पुन्हा विचारतो. ज्यांनीं साथ दिली नाहीं त्या धर्मगुरूंविषयीं तो कटु शब्द काढीत नाहीं. चर्चनें लहानपणापासून जें शिकविलें तेंच त्यानें चर्चच्या अधिकाऱ्यापुढें धरलें. त्याचा नकार हें अवज्ञेचें फळ नसून दीर्घ आज्ञाधारकतेचें फळ होतें. गुरु चुकला, पण विद्या चुकली नव्हती.

याची किंमत त्यानें एकट्यानें दिली नाहीं, हें येथें लपवून चालणार नाहीं. मागें पत्नी व तीन लहान मुली राहिल्या. पत्नीनें प्रथम त्यांस परावृत्त करून पाहिलें. सारे विरुद्ध झाल्यावर ती त्यांच्या बाजूस उभी राहिली, आणि युद्धानंतर पुष्कळ वर्षें गांवाचा राग तिनें सोसला. बिशपांचा सल्ला निव्वळ भ्याडपणाचा होता असें म्हणणें म्हणूनच मला कठीण वाटतें. त्या सल्ल्यांतही एक सत्य होतें. पण तें अपुरें होतें, आणि अपुरें कां होतें हें ओळखण्याइतकी तयारी त्या शेतकऱ्याच्या मनाची झाली होती.

१९६४ मध्यें गॉर्डन झान यांनीं त्यांचें चरित्र इंग्रजींत लिहिलें. पुढील वर्षीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपुढें हें उदाहरण ठेवणारे थॉमस रॉबर्ट्‌स हे एके काळचे मुंबईचे आर्चबिशप होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाहीं. २००७ सालीं लिंझ येथें येगरश्टेटर यांस ‘धन्य’ घोषित केलें गेलें, तेव्हां चौऱ्याण्णव वर्षांची त्यांची पत्नी हजर होती. न्यूमन यांस संतपद २०१९ सालीं मिळालें.

दोघांचें लेखन एकापुढें एक ठेवून वाचावें. पहिल्यानें नियम सांगितला, दुसऱ्यानें तो किती महाग आहे हें दाखविलें. यापुढें वर्गांत कोणी ‘मनाला पटत नाहीं’ म्हणाला तर मी वाद घालणार नाहीं. एवढेंच विचारीन कीं, बाबा रे, हें मन तयार करण्यास किती दिवस लागले, आणि वाटेंत कोणाकोणाला विचारलेंस? अर्थात् त्याआधीं तो प्रश्न मला माझ्या मनाला विचारावा लागेल. आणि त्याचें उत्तर माझ्यापाशीं अजून तयार नाहीं.