‘गुणवत्ता व सुरक्षितता’ : एका उभयान्वयी अव्ययाची चिकित्सा

अन्नपरीक्षणाच्या निकट-अवरक्त वर्णपटपद्धतीविषयी जे लेखन प्रसिद्ध होते, त्यात ‘अन्नाची गुणवत्ता व सुरक्षितता’ हा शब्दसमूह इतक्या वारंवार येतो की, त्यातील ‘व’ या अव्ययाकडे वाचकाचे लक्ष सहसा जात नाही. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. भौतिकीतील अधिकार तो सांगत नाही. परंतु एखादे अव्यय दोन भिन्न जातींच्या विधानांना एकाच पंक्तीत बसवीत असेल, तर त्याची चिकित्सा करणे हे भाषाभ्यासकाचे कर्तव्य ठरते. शिवाय हा प्रश्न केवळ शब्दयोजनेचा नाही. ‘सुरक्षित’ या एका शब्दावर विसंबून अन्न लेकराच्या मुखी जात असते.

प्रथम पद्धतीचे स्वरूप पाहू. १८०० साली विल्यम हर्शल यांनी लोलकाने पाडलेल्या वर्णपटात तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवला आणि तेथे डोळ्यांना न दिसणारे प्रारण असल्याचे दाखविले. त्यापैकी दृश्य प्रकाशाला लागून असलेला, सुमारे ७८० ते २५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा पट्टा तो निकट-अवरक्त होय. पाणी, प्रथिने, मेद व कार्बोदके यांतील हायड्रोजनयुक्त बंध या पट्ट्यात प्रकाश शोषून घेतात. मात्र ही शोषणे मूळ कंपनांची दुय्यम रूपे असल्यामुळे क्षीण, रुंद व एकमेकांवर चढलेली असतात. त्यांतून एका घटकाची एक रेषा सुटी वाचता येत नाही. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील प्रयोगशाळेत कार्ल नॉरिस यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या गुंत्यातून वाट काढली. अनेक तरंगलांबींवरील शोषणे एकत्र घ्यावयाची आणि रासायनिक पृथक्करणाने आधीच ठरविलेल्या मूल्यांशी त्यांचा सांख्यिकीय संबंध जोडावयाचा, अशी ती रीत आहे. हेच अंशशोधन. म्हणजे यंत्र मोजते ते शोषण. प्रथिनांचा आकडा हे त्यावरून केलेले अनुमान असते.

या अनुमानाचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. योहान केल्डाल यांनी १८८३ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीत नमुना तीव्र गंधकाम्लात उकळावा लागतो, आणि त्यात बराच वेळ जातो. कॅनडाच्या धान्य आयोगाने १९७५ साली गव्हातील प्रथिनांसाठी निकट-अवरक्त पद्धती स्वीकारली, तेव्हा आम्लाची वाफ व विलंब दोन्ही टळले. गव्हात बारा टक्के प्रथिने आहेत असे यंत्राने सांगितले आणि ती प्रत्यक्षात पावणेबारा निघाली, तर बाजारभावात थोडा फरक पडेल. कोणाच्या जिवावर बेतणार नाही. गुणवत्तेचे विधान असे अस्तिवाचक व तारतम्याचे असते.

सुरक्षिततेचे विधान मुळात नास्तिवाचक आहे. ‘हे अन्न सुरक्षित आहे’ या वाक्याचे व्याकरणिक रूप होकारार्थी असले, तरी त्याचा अर्थ ‘यात अपायकारक असे काही नाही’ असा असतो. येथे प्रमाणही निराळे होते. थेट खाण्याच्या भुईमुगात एकूण अफ्लाटॉक्सिन किलोग्रॅममागे ४ मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये, असा युरोपीय संघाचा दंडक आहे. बारा टक्के प्रथिने म्हणजे किलोग्रॅमला १२० ग्रॅम; या दोन राशींत तीन कोटी पटींचे अंतर आहे. हजारांत एक भागाहून कमी असलेला घटक निकट-अवरक्त पद्धतीने विश्वासपूर्वक सांगणे सर्वसाधारणपणे कठीणच असते. मग अब्जात चार भागांची गोष्ट तिच्याकडून कशी वदविणार?

यावर असे उत्तर दिले जाते की, यंत्राला विष दिसले नाही तरी बुरशीने दाण्यात घडविलेले बदल दिसतात. हे खरे आहे, आणि संशयित दाणे वेगळे काढण्यास ते उपयोगीही आहे. परंतु धूर दिसला म्हणून अग्नीचे अनुमान करता येते. धूर दिसला नाही म्हणून अग्नी नाही, असे म्हणता येत नाही. आपल्या नैयायिकांनी तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला देऊन हा भेद केव्हाच स्पष्ट केला आहे.

शब्दाच्या शिथिलतेची किंमत किती पडते, हे २००८ साली चीनमध्ये दिसून आले. केल्डालची रीत नत्र मोजते. त्या आकड्याला ठरावीक गुणकाने गुणून आलेल्या फळाला आपण ‘प्रथिने’ म्हणतो. पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळणाऱ्यांनी नेमकी हीच फट हेरली, कारण मेलामाइनच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग नत्रच असतो. जवळजवळ तीन लाख बालके आजारी पडली, सहा दगावली. रसायनशास्त्राने दिलेला नत्राचा आकडा खोटा नव्हता. त्याला दिलेले नाव खोटे ठरले. निकट-अवरक्त यंत्राला मेलामाइन ओळखावयास शिकविले, तर भरपूर प्रमाणातील भेसळ ते पकडू शकते. परंतु ज्या भेसळीचा नमुना त्याच्या अंशशोधनात कधी आलाच नाही, तिचे नाव ते कसे सांगेल? कोशात नसलेला शब्द कोशकाराला विचारण्यासारखे ते आहे. आणि बालकांच्या दुधाच्या भुकटीसाठी पुढे ठरलेली किलोग्रॅमला १ मिलिग्रॅम ही मर्यादा तर त्याच्या आवाक्याबाहेरच राहते.

म्हणून आमची सूचना मर्यादित आहे. गुणवत्तेच्या संदर्भात ‘अनुमानित मूल्य’ असे लिहावे व अंशशोधन कोणत्या नमुन्यांवर केले ते सांगावे. सुरक्षिततेच्या संदर्भात ‘संशय आढळला नाही’ एवढेच म्हणावे आणि ‘सुरक्षित’ हा शब्द अधिक सूक्ष्म पृथक्करणासाठी राखून ठेवावा.

आपल्याकडे दूधसंकलन केंद्रांवर वेगळ्या जातीची यंत्रे असतात. पण तेथील शेतकऱ्याची भाषा या बाबतीत अनुकरणीय आहे. ‘दुधात फॅट किती आहे’ असे तो सहसा विचारीत नाही. ‘आज फॅट किती लागली’ असे विचारतो. ‘असणे’ हा वस्तूचा धर्म. ‘लागणे’ ही त्या वेळी, त्या यंत्रावर घडलेली घटना. दुधाचे सत्य आणि यंत्राचे उत्तर यांतील अंतर त्या एका क्रियापदाने राखले आहे. शास्त्रीय मराठीनेही ते राखावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.